मोटारघराच्या कमरेचे दुखणे

फिनिक्सहून कॅलिफोर्नियाच्या दिशेने दहा नंबरच्या महामार्गाने निघाले, की सुमारे सव्वाशे मैलांवर क्वार्ट्‌झसाइट नावाचे गाव लागते. २०२० सालच्या खानेसुमारीत इथली वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली. उन्हाळ्यात तर पारा एकशे दहा अंश फॅरनहाइटच्याही वर चढतो आणि गावात चिटपाखरू दिसत नाही. पण जानेवारी उजाडला, की याच माळावर लाखोंची जत्रा लोटते. गंमत अशी, की या जत्रेला धर्मशाळा लागत नाही. प्रत्येक यात्रेकरू स्वतःचे घर बरोबर घेऊन आलेला असतो. आणि त्या घराला चाके असतात.

ही मोटारघरे. इंग्रजीत 'मोटरहोम'. आत चूल, शीतकपाट, मोरी, दोन माणसांचा पलंग, आणि पुढे सुकाणूचक्र! कॅनडाच्या आणि उत्तरेकडच्या संस्थानांतील निवृत्त मंडळी बर्फाला कंटाळून हिवाळाभर इथे येऊन राहतात. त्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, असे नाव पडले आहे. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचे सरकारी माळरान आहे. पंधरा सप्टेंबर ते पंधरा एप्रिल या मुदतीत परवाना काढून तिथे वाटेल तितके दिवस तळ ठोकता येतो. नळ आपल्या दारी येत नाही, वीज नाही. जो तो छपरावर सूर्यशक्तीच्या पाट्या मांडून बसलेला.

गावच्या दफनभूमीत एक पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट उभा आहे. ही हाजी अलीची समाधी. अमेरिकन लष्कराने १८५६ साली भूमध्य समुद्राकडून उंट आणले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला. गोऱ्या शिपायांना 'हाजी अली' म्हणता येईना, म्हणून ते त्याला 'हाय जॉली' म्हणू लागले. उंटांचा प्रयोग पुढे बारगळला. हाजी अली मात्र १९०२ साली इथेच वारला, आणि १९३५ साली हे स्मारक उभे राहिले. वाळवंटातून माणसे आणि सामान हलवायचे कसे, हा या गावाचा जुनाच प्रश्न आहे. उंटाच्या पायाला निसर्गाने मऊ गादी दिलेली असते. मोटारघराला ती विकत घ्यावी लागते, आणि ती झिजते, हे मला २०२४ च्या जानेवारीत कळले.

माझे मावसभाऊ, आमचे दादा, १९७४ पासून अमेरिकेत. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुने मोटारघर घेतले: १९९५ सालचे, फोर्डच्या साठ्यावर बांधलेले, अठ्ठावीस फूट लांब. पहिला मालक मिशिगनचा. नऊ वर्षे दादा आणि वहिनी त्या गाडीतून हिंडली. पण आदल्या वर्षी वहिनींच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नाही; फक्त "धक्के नकोत" एवढेच सांगितले. आता धक्क्याविना मोटारघर म्हणजे पाण्याविना होडी! सिएटलची मुलगी दर रविवारी फोनवर एकच धोशा लावी: "बाबा, विकून टाका ती गाडी." दादांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'विकणे आहे' असे लिहून, खाली किंमत घालून, तो पुठ्ठा खणात ठेवलाही होता. क्वार्ट्‌झसाइटला असा पुठ्ठा काचेशी लावला, की चार दिवसांत गिऱ्हाईक येते. वहिनी काही बोलत नसत. मागच्या बाकावर तीन उशा रचून, एका हाताने खिडकीची कड धरून बसत.

फिनिक्सहून येताना आम्ही उभयता त्यांच्याबरोबर होतो. रस्ता आरशासारखा, पण पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली, की पुढचे तोंड वर उचले, खाली जाई, पुन्हा वर, पुन्हा खाली. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मोजले: एका सांध्याला पाच हेलकावे! "दादा, हे नेहमीच असं होतं का हो?" तिने विचारले.

"अगं, मोठ्या गाड्या अशाच असतात," दादा म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. दुखणे नऊ वर्षांत इतक्या सावकाश वाढले होते, की घरच्यांना तो गाडीचा स्वभावच वाटू लागला होता. शिवाय शहरातल्या एका कारखान्यात त्यांनी गाडी दाखवलीही होती. तिथल्या मिस्त्रीने खाली डोकावून "तेल गळत नाही, म्हणजे ठीक आहेत," असा दाखला देऊन तपासणीचे पैसे घेतले होते.

खरा वैद्य भेटला तो ला पोसाच्या माळावर. शेजारच्या गाडीत सस्कॅचवान प्रांतातले एक आजोबा होते. हयात डिझेल ट्रक दुरुस्त करण्यात घालवलेली. त्यांनी गाडीच्या खालून एक चक्कर मारली, मग पुढच्या टायरवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. रबरावर ठरावीक अंतराने खळगे पडलेले होते. चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारत चालते, त्याची ही खूण. "हे शॉक मेले आहेत," आजोबा म्हणाले. "गळत नसले म्हणून काय झालं?"

शॉकॲब्सॉर्बर हे नावच मुळी फसवे आहे. धक्का खातात त्या कमानी: पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे पट्ट्यांचे पाटे. पण कमानीला धक्का दिला, की ती झोक्यासारखी हलतच राहते. तो झोका थांबवायचे काम या नळकांड्याचे. इंग्रज लोक त्याला 'डँपर' म्हणतात, ते अधिक बरोबर. आत तेल, तेलात एक दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. गाडी खालीवर झाली, की तेलाला त्या छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते. हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. आत झडपा आणि दट्ट्याच्या कडा झिजल्या, की तेल वाट फुटेल तिकडून पळते. बाहेर थेंबही गळत नाही, अन् आत काही उरलेले नसते. आणखी एक भ्रम पुष्कळांचा असतो, की गाडी एका अंगाला बसली तर शॉकॲब्सॉर्बर बदलून ती वर येईल. येत नाही. वजन ते पेलतच नाहीत. ते काम कमानीचे.

वजन पेलत नाहीत, म्हणूनच ते बदलायला आमची गाडी उचलावी लागली नाही. साही चाके जमिनीवर, प्रत्येक चाकाला लाकडी ओंडक्याचा अडसर. गाडी पातळीत ठेवण्यासाठी जे टेकू असतात ते आजोबांनी आधी वर घ्यायला लावले. "त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाणारी माणसं मी पाहिली आहेत," एवढेच ते म्हणाले. पुढे आम्ही विचारले नाही.

फिनिक्सहून चार नवे नग मागवले: पिवळ्या रंगाचे, बिल्स्टाइन कंपनीचे. यांत तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन वायू भरलेला असतो, म्हणजे तेलाला फेस येत नाही. १९५७ साली मर्सिडीज-बेन्झच्या मोटारींना अशा धाटणीचे शॉकॲब्सॉर्बर बसवू लागले. म्हणजे युक्ती काही आजची नव्हे. नवा नग पट्टी बांधून दाबलेला येतो. पट्टी कापली, की दांडा आपोआप, संथपणे, बाहेर येऊ लागतो. म्हणून आधी बसवायचा, मग कापायची.

पुढचे दोन तासाभरात बदलले. मागच्यांनी मात्र अंत पाहिला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या खारट चिखलाने डाव्या बाजूचा वरचा नट असा काही गंजला होता, की तो नट आहे की साठ्याचाच भाग हे ओळखू येईना. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले. सकाळी पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी जोडून दादा आणि मी दोघे लोंबकळलो. नट ढिम्म! दादांनी विजेचे कापणीयंत्र काढले तेव्हा आजोबांनी त्यांचा हात धरला. पेट्रोलची टाकी तिथून फार लांब नव्हती. ठिणगी उडाली असती तर गाडी विकण्याचा प्रश्न परस्पर मिटला असता. शेवटी साधी हातकरवत. मी पंधरा मिनिटे, दादा दहा, आजोबा वीस, अशा पाळ्या लावून, पाठीवर पडून, डोळ्यांत गंजाची पूड घेत आम्ही तो बोल्ट कापला. दोन तास आणि चार पाती लागली. आमच्या सौभाग्यवती मधूनमधून चहा सरकवीत होत्या, आणि वहिनी खुर्चीवर बसून कोणी किती मिनिटे करवत चालवली याचा हिशेब ठेवीत होत्या.

जुना नग सुटल्यावर आजोबांनी तो वहिनींच्या हातात दिला. "दाबा." वहिनींनी तळहाताने दाबला. दांडा सुरीने लोणी कापावे तसा आत गेला आणि आतच बसला. मग नवा नग जमिनीवर उभा धरला. वहिनी दूरच राहिल्या, मीच माझे सगळे वजन टाकले. तो जेमतेम इंचभर खाली गेला आणि मी हात काढताच पुन्हा वर आला. वहिनी इतकेच म्हणाल्या, "नऊ वर्षं आपण या रिकाम्या नळ्यांवर हिंडलो?" दादांनी चष्मा पुसायला घेतला.

नवे बोल्ट गावातल्या दुकानात मिळाले. ते शेवटचे आवळायचे तेही गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असताना. नाहीतर टोकाच्या रबरी बुशांना कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतात.

परीक्षेसाठी दादांनी पाम कॅनियन निवडले. क्वार्ट्‌झसाइटच्या दक्षिणेला अठराएक मैलांवर कोफा अभयारण्याची वाट फुटते. १९३९ साली रानमेंढ्यांसाठी हे राखले. 'कोफा' हे 'किंग ऑफ ॲरिझोना' या जुन्या सोन्याच्या खाणीचे आखूड नाव. तिथून डोंगरापर्यंत सात-आठ मैल कच्चा रस्ता आणि त्यावर पाटा-वरवंट्याच्या पाट्यासारख्या आडव्या लाटा. अशा रस्त्यावर शॉकॲब्सॉर्बरांना क्षणाची उसंत नसते, ते तापतात. म्हणून दर दोन-तीन मैलांनी थांबायचे ठरले.

डांबरी सडकेवरचा फरक तर पहिल्याच पुलावर कळला. तोंड एकदा खाली गेले, वर आले, आणि थांबले. आमच्या सौभाग्यवतींनी "एक" म्हणून पुढचा आकडा तोंडातच ठेवला. पण सगळेच सुधारले असे मी लिहिणार नाही. मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याच्या झोताने गाडी अजूनही बाजूला झुके, आणि सुकाणूतला ढिलेपणा होता तसाच होता. कच्च्या रस्त्यावर भांडी खणखणलीच. मात्र पूर्वी जो दणका खालून थेट बाकापर्यंत येई, तो आता कुठेतरी वाटेतच विरत होता. दादा ताशी दहा मैलांवर गेले नाहीत. निम्म्या वाटेवर मी मागे वळून पाहिले. खिडकीची कड सोडून वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसल्या होत्या.

कॅनियनच्या तोंडाशी उतरलो. तांबूस कड्यात एक अरुंद चीर आहे आणि तिच्या सावलीत, पार वर, ताडाच्या जातीची हिरवीगार झाडे उभी आहेत. चिरेत ऊन फक्त दुपारच्या सुमारास थोडा वेळ शिरते. पायवाट खडकाळ आणि चढाची. वहिनी थोड्या चालून एका धोंड्यावर टेकल्या आणि दुर्बीण मागून घेतली. झाडे दिसल्यावर त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.

तळावर परतलो तेव्हा दादांनी खणातून तो पुठ्ठा काढला. मला वाटले, फाडतील. त्यांनी तो उलटा करून इंजिनाखाली, तेलाचा थेंब पडतो का ते पाहण्यासाठी, पसरून ठेवला. वहिनी आतून विचारीत होत्या, "अहो, सुकाणूचं ते ढिलं आहे त्याला किती खर्च येईल? आजोबा गेले नाहीत ना अजून?"