बिननावाचं औषध

डॉक्टरांकडे जाताना घरून रिकामी बाटली न्यायची, हे आज तिशीतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सत्तरच्या दशकात कराडला आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर धुऊन पालथ्या घातलेल्या दोन-तीन बाटल्या कायम असायच्या. ताप असो, खोकला असो, पोट बिघडलेलं असो, बाटलीशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला लागून लाकडी पार्टिशन होतं आणि त्याला एक चौकोनी खिडकी. खिडकीपलीकडे कंपाउंडरकाका. डॉक्टरांचं तपासून झालं की चिटोऱ्यावर चार अक्षरं खरडून तो ते खिडकीतून आत सरकवायचे. मागच्या मांडणीवर मोठमोठ्या बरण्या. खोकल्याचं तांबूस, पोटाचं पेपरमिंटच्या वासाचं, आणखी एक गढूळ, तळाशी साका धरणारं. काका मापाने औषध ओतायचे, वर पाणी घालायचे, बूच दाबून बाटली दोनदा खालीवर करायचे. मी टाचा उंच करून बघत राहायचे ते पुढच्या कामासाठी. कागदाची अरुंद पट्टी दुमडत दुमडत लहान करायची, कात्रीने तिचे कोपरे छाटायचे आणि उलगडली की दोन्ही कडांना सारख्या अंतरावर खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. डिंक लावून ती पट्टी बाटलीवर उभी चिकटवायची. पुड्या बांधतानाही हात तितकाच नेमका. खलात घोटलेली पूड, ओळीने मांडलेले कागदाचे चौकोन, बोथट सुरीच्या टोकाने पाडलेले वाटे आणि एकमेकींत खोचलेल्या घड्या. "हलवून घ्यायचं, काही खाऊन मग," एवढं सांगितलं की झालं.

त्या बाटलीवर औषधाचं नाव नसायचं. आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. तपासणी आणि औषध मिळून दोन-तीन रुपये. ज्याच्याकडे नसतील त्याचे वहीत. गुण आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच खिडकीशी जाऊन "काका, उतार नाही" म्हणता यायचं. औषध बिननावाचं होतं, पण देणाऱ्याचं घर, त्याची मुलं, त्याची सायकल सगळ्या पेठेला माहीत होती. काही चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्नच नव्हता.

एवढं सांगूनही, ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. मिक्श्चरने बरे व्हायचे ते पुष्कळसे आजार आपोआपही बरे झाले असते. क्षय, विषमज्वर, न्यूमोनिया यांना मिक्श्चर पुरत नव्हतं. तिथे प्रतिजैविकं लागायची आणि ती परवडणं ही निराळीच गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतरची दोन दशकं आपल्याकडचा औषधांचा बाजार बव्हंशी परदेशी कंपन्यांच्या हातात होता. अमेरिकेच्या सिनेटमधल्या एस्टेस केफॉव्हर यांच्या समितीने १९६०च्या सुमारास नोंदवून ठेवलं आहे की, भारतासारख्या गरीब देशात काही प्रतिजैविकांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात.

तो बाजार मोडून काढायला सुरुवात झाली ती आपल्या पिंपरीपासून. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ पासून सरकारी कारखान्यातलं पेनिसिलिन देशाला मिळू लागलं. पुण्या-पिंपरीतली जुनी माणसं आजही तिला नुसतं 'एच.ए.' म्हणतात. त्या वसाहतीत वाढलेल्यांच्या बोलण्यात कारखान्याविषयी जी आपुलकी असते, ती मला रास्त वाटते. पुढे १९७०चा पेटंट कायदा आला आणि १९७२ मध्ये लागू झाला. त्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून घेतली आणि तो बनवण्याच्या रीतीपुरतं पेटंट ठेवलं, तेही थोड्या वर्षांचं. वेगळ्या रीतीने तेच औषध बनवायला आपले रसायनतज्ज्ञ मोकळे झाले. १९७५ मध्ये हाथी समितीने तर औषधांची ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावानेच ती विकावीत, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

झालं ते उलटंच. कारखाने आपले झाले, औषध स्वस्तात बनू लागलं आणि नावांचा मात्र पूर आला. ऐंशीच्या दशकात आमच्या दवाखान्याच्या बाकड्यावर रुग्णांच्या शेजारी टाय लावलेले, जाड बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे एमआर दिसू लागले. कंपाउंडरकाका थकले, ती खिडकी फळी ठोकून बंद झाली आणि मांडणीवर बरण्यांच्या जागी सँपलची खोकी आली. आता डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि आपण समोरच्या 'मेडिकल'मध्ये जात असू. औषधाला पहिल्यांदा नाव आलं, चकचकीत पट्टीवर ठळक अक्षरात. खरं नाव त्याखाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल इतकं लहान.

भारतात आज विकली जाणारी बहुतेक औषधं मुळात जेनेरिकच आहेत. त्यांची पेटंटं कधीच संपली आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टन आहे, साखरेची मेटफॉर्मिन आहे, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटॉर्वास्टॅटिन आहे. यातल्या एकाही रेणूवर आज कुणाची मक्तेदारी नाही. ढीगभर कंपन्या तीच गोळी आपापल्या नावाने विकतात आणि एकाच गोळीच्या दोन नावांत कित्येक पट फरक असतो. पैसे मोजणारा रुग्ण, औषध ठरवणारे डॉक्टर आणि हातात देणारा दुकानदार. भाजी घेताना भाव न पटला तर पुढच्या गाड्यावर जाता येतं, इथे तसं नाही. १९४५च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुकानदाराला त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळीही स्वतःहून देता येत नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की रुग्णाचा मार्ग तिथेच संपला.

किमतींना वेसण घालायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७९च्या आदेशाने ३४७ औषधांच्या किमती सरकारने बांधल्या होत्या; १९९५ पर्यंत तो आकडा पंचाहत्तरच्या आसपास आला. २०१३ मध्ये अत्यावश्यक औषधांची यादी नियंत्रणाखाली आली खरी, पण किंमत ठरवायची रीत बदलली. पूर्वी औषध बनवायला काय खर्च येतो ते पाहून किंमत ठरे, आता बाजारात चाललेल्या किमतींची सरासरी काढून ठरते. महाग ब्रँडच सरासरी वर ओढत असतील तर त्या मर्यादेने रुग्णाला कितीसा दिलासा मिळणार? यादीबाहेरच्या औषधांना तर दरवर्षी दहा टक्के वाढीची मुभाच आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत रुग्णाच्या खिशाला बसलेला सर्वांत मोठा फटका इथला आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

आणि याच देशाने जगाला काय दिलं ते पाहा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा त्या उपचाराला वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेतली किती माणसं त्या गोळ्यांवर जगली! २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब पेटंटधारकाच्या संमतीशिवाय बनवायचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या कंपनीला दिला आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचं औषध नऊ हजारांच्या आत आलं. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तो निर्णय उचलून धरला. हे वाचलं की अजूनही ऊर भरून येतो.

स्वस्तात जेनेरिक औषधं विकणारी सरकारी योजनेतली जन औषधी केंद्रं २००८ मध्ये सुरू झाली, पहिलं अमृतसरला. ती खरी फोफावली २०१५ नंतर आणि २०२३च्या अखेरीस त्यांनी दहा हजारांचा टप्पा गाठला. आमच्या घराजवळच्या केंद्रात मी अण्णांना घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने पट्टी काढून पुढे ठेवली.

"ही तीच का गं?"

"हो आजोबा, टेल्मिसार्टन चाळीसच आहे."

"पण माझी गोळी अशी दिसत नाही. कंपनी कुठली?"

तिने पट्टी उलटी करून नाव वाचून दाखवलं. अण्णांनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून पट्टी डोळ्यांजवळ नेली, तारीख पाहिली, किंमत पाहिली. किंमत पाहून तर ते जास्तच गप्प झाले. "डॉक्टरांना विचारून घेतो," म्हणाले आणि पट्टी काउंटरवर ठेवून दिली.

मला त्यांचा राग आला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आत काय आहे हे न विचारता बाटलीच्या बाटली औषध घेतलं, तोच आज घटक, प्रमाण, तारीख सगळं छापलेल्या गोळीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. कारण त्या बाटलीमागे कंपाउंडरकाका होते. या पट्टीमागे कोण आहे?

हा संशय मनाचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या साखळीतला एकेक किडलेला दुवा उघड केला. त्या ग्लिसरॉलमध्ये सापडलेलं विष होतं डायएथिलीन ग्लायकॉल. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतल्या कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. चाळीस वर्षांनीही विष तेच निघालं. छिंदवाड्याच्या बाटलीवर तर ब्रँडचं ठसठशीत नाव होतं. छापील नावाने त्या मुलांना वाचवलं नाही. वाचवली असती ती वेळेवर झालेल्या तपासणीने.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात एकाच कंपनीची ब्रँडची आणि जेनेरिक म्हणून विकली जाणारी पाच औषधं तपासली. गुणवत्तेत दोन्ही बसली. फरक निघाला दुकानदाराच्या नफ्यात: ब्रँडवर पंचवीस-तीस टक्के, जेनेरिकवर दोनशेपासून हजार टक्क्यांपर्यंत. म्हणजे स्वस्तात बनलेली गोळी दुकानापर्यंत स्वस्तच येते आणि छापील किंमत फुगवलेली असल्यामुळे रुग्णाला महाग पडते. 'जेनेरिक' असा फलक लावून छापील किमतीवर थोडी सूट देणारी दुकानं पाहिली की मला हा अभ्यास आठवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना औषधाचं मूळ नावच लिहायला सांगितलं, आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं होतं की, आधी प्रत्येक गोळीच्या दर्जाची हमी द्या. मूळ नावाने लिहायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, तरीही हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. तमिळनाडूने १९९५ पासून सरकारी महामंडळामार्फत मूळ नावाची औषधं घाऊक घेऊन, प्रयोगशाळेत तपासून मगच रुग्णालयांना द्यायची पद्धत रुजवली. महाराष्ट्राने असं स्वतंत्र खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापलं ते २०२३ मध्ये. उशीर झाला, पण झालं. आता प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल केंद्राच्या काउंटरवर मागेल त्याला दाखवता आला पाहिजे. "कंपनी कुठली?" या अण्णांच्या प्रश्नाला त्या मुलीकडे कागद असायला हवा होता.

अण्णांच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी चिठ्ठी पुढे ओढून रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीची मूळ नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली. अण्णा फिटचीही एक गोळी घेतात, ती मात्र आहे त्याच कंपनीची ठेवली. त्या औषधाची रक्तातली पातळी थोडी हलली तरी झटका येऊ शकतो, म्हणून कंपनी बदलायची नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. महिन्याभराने रक्तदाब आणि साखर मोजली. आकडे जागच्या जागी होते. अण्णा आता केंद्रात स्वतः जातात. गेल्या खेपेला मेटफॉर्मिन संपली होती, आठवड्याने या म्हणाले, म्हणून एक पट्टी समोरच्या मेडिकलमधून चढ्या भावाने घ्यावी लागली.