पाण्याला न भिणारी काळी शाई

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही भावंडांनी आधी कुरआन शरीफ आणि सगळ्यांचे दाखले माळ्यावर चढवले. घराची वही मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहून गेली. त्या वहीत आजोबांच्या काळापासूनचे जन्म, निकाह आणि इंतकाल लिहिलेले होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही वही सावलीत पान पान सुटं करून वाळवली. आजोबांची निळीकाळी अक्षरं बरीचशी शाबूत होती. अम्मीने लिहिलेल्या काळ्या ओळींच्या जागी नुसते जांभळट डाग उरले होते. त्यातली एक ओळ आमच्या सर्वांत धाकट्या भावाची होती. तो अकरा दिवस जगला. त्याचा फोटो नाही, दाखला नाही. त्याचं नाव लिहिलेलं होतं ते तेवढ्या एका ओळीत. अम्मी तर केव्हाच अल्लाहला प्यारी झाली.

नोंदी पुन्हा लिहायच्या ठरल्या. "बॉलपेनने लिहा, तेही पाण्याने जात नाही," भाऊ म्हणाला. आपा ऐकेना. "आजोबांच्या ओळींखाली शोभेल अशी शाई हवी."

ठार काळी शाई तिला नको होती. काळी दिसावी, पण निरखलं तर आत रंग असावा. अशा शाया बऱ्याच मिळतात. पायलटची 'शिन-काई' गडद निळसर राखाडी, डायमाइनची 'एक्लिप्स' काळसर जांभळी. आतला रंग पाहायची युक्ती सोपी आहे. टिशू पेपरच्या पट्टीवर शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचं खालचं टोक पाण्यात धरायचं. अशी शाई बहुधा अनेक रंगांचं मिश्रण असते. पाणी वर चढताना कुठला रंग मागे राहतो, कुठला पुढे पळतो. मुलं हरखून गेली. आपा मात्र गप्प झाली. जो रंग पाण्याने दाखवला, तो पाण्याबरोबर निघालाही होता. वहीतल्या डागांचा उलगडा झाला.

मग आम्ही जुन्या पद्धतीच्या शाईकडे वळलो. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ आणि हिराकस यांपासून ती करत. अरबी कातिब मुळात काजळाच्या शाईला 'मिदाद' आणि या शाईला 'हिब्र' म्हणत. ताजी असताना ती फिकी असते, म्हणून लिहिलेलं दिसावं यासाठी हल्ली तिच्यात निळा रंग घालतात. हवा लागली की तिच्यातलं लोह कागदावर काळं पडत जातं. पाणी पडलं तर निळा थोडा जातो, काळं राहतं. इंग्लंडमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी अशीच शाई वापरत असत. डायमाइनची 'रजिस्ट्रार्स इंक' त्याच जातीची. ती आम्लधर्मी असते, पेनात सुकू देऊन चालत नाही. पेन वरचेवर धुवावं लागतं.

आम्ही आधी कोऱ्या कागदावर लिहिलं, आठवडाभर ठेवलं आणि नळाखाली धरलं. अक्षरं टिकली.

मग वही घेतली. भावाच्या जन्माची तारीख कुणालाच आठवेना. रमजान होता, एवढं आपाला आठवत होतं. नावापुढे तेवढंच लिहिलं. लिहिताना ओळ फिकी निळी दिसत होती. दुसऱ्या दिवशी फजरनंतर वही उघडली, तर ती आजोबांच्या ओळींसारखी काळी झाली होती. उजेडात तिरपी धरली, तेव्हा आतला निळा दिसला.