सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बारा आठवडे



आज बागेचं नाही, घरातलं लिहितोय. बायकोला विचारूनच. हा प्रसंग बऱ्याच घरांत येतो, पण कोणी बोलत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमची फळछाटणी चालू होती, तेव्हाच विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. यात बाळाचं डोकं, मणका, हृदय, किडन्या, हातपाय सगळं एकेक करून बघतात. डॉक्टर म्हणाले, "उजव्या किडनीला थोडी सूज दिसते." पुढचं आम्हा दोघांना ऐकूच आलं नाही.

गाडीत बायको एवढंच बोलली, "माझ्याकडून काही झालं का हो?" घरी आईनं ग्रहणाचा आणि विळीचा विषय काढला. एका पाहुण्यानं फोनवर सांगितलं, "अजून वेळ आहे, मोकळं करून टाका." गावात जो तो विचारी, "सोनोग्राफीत काय निघालं?" त्यांना मुलगा की मुलगी ते हवं असतं. ते सांगणं १९९४ च्या कायद्यानं बंद आहे. पण त्या प्रश्नानं आमच्या पोटात गोळा यायचा.

दोन दिवसांनी परत गेलो. फवारणीच्या नोंदवहीतच प्रश्न लिहून नेले होते, आईलाही सोबत घेतलं. कळलं ते असं:

१) ही सूज म्हणजे इन्फेक्शन नाही. किडनीत लघवी गोळा होऊन खाली उतरते ती जागा रुंद दिसते. या महिन्यात ४ मिमीपर्यंत ठीक धरतात, आमचं ६ होतं.

२) गर्भजल व्यवस्थित होतं. या दिवसांत ते बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं, म्हणजे किडनीचं काम चालू आहे. दुसरी किडनी आणि मूत्राशय नीट.

३) बऱ्याच बाळांत हे आपोआप कमी होतं, काहींत राहतं किंवा वाढतं. ३२ व्या आठवड्यात परत मोजायचं. तेव्हाची मर्यादा ७ मिमी. एवढ्यावरून मोकळं करण्याचा विचारही नको.

४) ग्रहण, विळी, जिना, यातल्या कशानंही हे होत नाही. हे डॉक्टरांनी आईसमोर सांगितलं. घरातला निम्मा ताण तिथंच उतरला.

पण बारा आठवडे काढायचे होते. बागेत डाउनी दिसला की आपण तासाभरात टाकी भरतो. मण्याची फुगवण कमी वाटली तर उपाय शोधतो. इथं फवारायला काहीच नव्हतं. पुढच्या मोजणीची तारीख, हाच इलाज. रात्री मोबाईलवर शोधणं दोघांनीही बंद केलं. शंका आली की वहीत लिहायची आणि पुढच्या तपासणीत विचारायची, असं ठरवलं.

डिसेंबरच्या शेवटी मोजलं, ८ मिमी. गेलेलं नाही, फार वाढलेलंही नाही. गर्भजल अजून चांगलं आहे. आता ३६ वा आठवडा चालू आहे. बाळंतपण लहान मुलांचे डॉक्टर असतील अशाच दवाखान्यात करायचं ठरलंय. जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी लगेच पहिल्या दिवशी नाही, ४८ तासांनंतर करायची. सुरुवातीला बाळाच्या अंगात पाणी कमी असतं, त्यामुळे सूज असली तरी कमी दिसू शकते. हे फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

भीती गेली असं म्हणणार नाही. पण आता भीती कशाची, ते नीट माहीत आहे.

कोणाच्या हातात असा रिपोर्ट आला तर तीन गोष्टी विचारा. नेमकं माप किती? बाकीचे अवयव कसे आहेत? परत कधी बघायचं? आणि बाईला कोणी दोष देऊ लागलं तर नवऱ्यानं तिथल्या तिथं बोलावं. ते काम डॉक्टरांवर सोडू नका.

बागेत मण्यांत पाणी उतरलंय. पुढची नोंद साखर मोजल्यावर.