वाशातला बिनभाड्याचा

सोसायटीच्या बागेतल्या लाकडी मांडवाला रंग द्यायचं निघालं आणि थिनरच्या वासाने मी खाली गेले. पेंटर खांबावरच्या गोल भोकांत लांबी भरत होता. ‘‘काकू, भुंग्यांनी पार पोखरलंय बघा.’’ आत कोणी आहे का, हे त्याने पाहिलं नव्हतं.

कोकणातल्या घरी चैत्रात रोज सकाळी ओटीवर पिवळसर भुशाची बारीक रास पडलेली असे. वर वाशात बोट जाईल एवढं भोक, आत कुरकुर. आजी केरसुणीने भुसा लोटताना वर बघून म्हणायची, ‘‘मेल्या, भाडं तरी दे!’’

ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी भ्रमराचा दृष्टान्त दिलाय: कोरडं लाकूड भेदणारा, कोवळ्या कळीत मात्र अडकणारा. कळीचं राहू द्या, पण ‘कोरडं’ हे 1290 सालचं निरीक्षण आजही चोख आहे. पोखरते ती मादी. लाकूड ती खात नाही. बोगद्यात परागांचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाचा पडदा, पुन्हा गोळा. अंगावर धावून येतो तो बहुधा नर, आणि त्याला नांगीच नसते.

भाडंही चुकतं होत होतं. वांग्याच्या फुलात पराग कोशांच्या टोकाच्या इवल्या छिद्रांतून निघतात. भुंगा फुलाला बिलगतो, छातीचे स्नायू थरथरवतो आणि चाळणीतून पीठ पडावं तसे पराग त्याच्या अंगावर सांडतात. मधपेटीतल्या माशीला हे जमत नाही. तरी ‘मधमाश्या वाचवा’च्या प्रत्येक पोस्टरवर मधाची बरणी! माझा राग आहे तो या बरणीवर. देशात मधमाशीच्या, म्हणजे भुंग्याच्याही, कुळातल्या सातशेच्या वर जाती, त्यांतल्या मध साठवणाऱ्या मोजक्या. बाकीच्यांनी काय करावं? भीमाशंकरच्या रानात भुंग्याची एक जात अवसेच्या रात्रीही हिंडते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिला चांदण्यांच्या उजेडात रंगही ओळखता येतात. तिच्याकडे बरणी नाही.

तिच्या भाईबंदांना फार काही लागत नाही. वाळकं खोड राहू द्यावं, बांधावर ताग पेरावा, फुलांवर फवारणी करू नये. पेराशी बंद असलेली बांबूची सुकी कांडी वळचणीला आडवी बांधली तरी चालतं.

अशा कांड्या धाकट्या काकांच्या पडवीत ढिगाने असत. मुंबईची नोकरी सोडून आलेले, लग्न न केलेले काका. ‘लागेल कधीतरी’ म्हणून काही टाकायचे नाहीत. पाहुण्यांत त्यांची ओळख करून देताना वडील जरा अडखळत. परसातली वांगी काकांचीच. मोठ्या काकूला ती कडू लागायची. पण पंगत असली की सकाळीच टोपली घेऊन परसात तीच जायची, काकांना न विचारता.