घाट चढून जुन्नरच्या पेठेत

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढ्याची उडवी रचून झाली की आमच्या दापोड्याकडचा शेतकरी चार दिवस मोकळा होतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात असेच मोकळे दिवस साधून मी आणि माझे थोरले बंधू जुन्नरला जाऊन आलो. निमित्त होते माझ्या एका वर्गमित्राच्या आग्रहाचे. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात आम्ही दोघे एका खोलीत राहिलो. बी.एस्सी. झाल्यावर मी नोकरी धरली, त्याने नांगर धरला. ओतूरजवळ त्याची कांद्याची नि टोमॅटोची शेती आहे. ‘एकदा ये रे’ असे तो तीस वर्षे म्हणत होता.

पण खरे सांगायचे तर मला दादांना घेऊन चार दिवस घराबाहेर पडायचे होते. एका घरात राहून आमचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. त्याला कारण तीस गुंठे भातजमीन.

भिवंडीच्या बाजूला ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना दापोडे ठाऊक असेल. माझ्या लहानपणी गावाच्या वेशीपासून थेट खाडीच्या अंगापर्यंत भाताची खाचरे होती. आता तेथे गोदामे आहेत. मुंबईला लागणारा नाना तऱ्हेचा माल येथे उतरतो, येथून हलतो. या गोदामांना मी नावे ठेवणार नाही. कित्येक घरांना त्यांचे भाडे येते, माझा पुतण्याही एका गोदामात हिशेबनीस आहे. आमचीही बरीच जमीन वडिलांच्या हयातीतच गेली. उरले ते हे तीस गुंठे. त्यालाही गिऱ्हाईक आले. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे, म्हणून सह्या दोघांच्या हव्यात. दादा विकायला तयार, मी नाही. मी पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी, गावोगाव शेतीचे महत्त्व सांगत फिरणारा माणूस. माझ्याच घरची शेवटची जमीन गेली तर लोकांना कोणत्या तोंडाने सांगू, हा माझा विचार. एका रात्री शब्दाने शब्द वाढला आणि दादा म्हणाले, “तू शेती कागदावर करतोस. चिखलात मी असतो.” मी ताटावरून उठलो. त्यानंतर कामापुरतेच बोलणे.

कल्याणहून आम्ही एस.टी. धरली. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असे करीत गाडी माळशेज घाटाला लागते. वैशाखऱ्याजवळून उजव्या हाताला नाणेघाटाची पाऊलवाट फुटते. घाटातला रस्ता होण्यापूर्वी कोकणातून जुन्नरला जाणारी ही मोठी वाट. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने वर चढत असे. १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मुंबईहून कल्याण-मुरबाडच्या बाजूने घाट चढून जुन्नरला गेला होता. मी हे सारे दादांना सांगत होतो. ते खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मित्राने आम्हाला जुन्नरच्या पेठेत नेले. जुन्नर म्हटले की आपल्याला शिवनेरी आठवतो, आणि ते योग्यच आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म त्या गडावर झाला. गडावर अंबरखान्याची, म्हणजे धान्याच्या कोठाराची, इमारत अजून उभी आहे. पण गडाच्या पायथ्याचे हे गाव गडाहून किती तरी जुने. सातवाहनांच्या काळी ते भरभराटीला आलेले होते. पुढे १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली, तेव्हा आरंभी तिची राजधानी जुन्नरलाच होती. येथला हातकागद एके काळी प्रसिद्ध होता, जुन्या दप्तरांत ‘जुन्नरी कागद’ म्हणून त्याचे नाव येते. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी जुन्नरवर छापा घालून द्रव्य आणि घोडे नेले, आणि त्याच वर्षी आमचे कल्याण-भिवंडी घेतले. राज्ये आली नि गेली, कागदाचा धंदाही गेला. बाजार मात्र भरतोच आहे.

तो का भरतो, हे पेठेत तासभर हिंडल्यावर माझ्या ध्यानात आले. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. तिकडे पाऊस उदंड, शेती भाताची, रानात हिरडा. पूर्वेला पाऊस उतरत जातो, तिकडे बाजरी, कांदा, भाजीपाला. एकाकडे जे पिकते ते दुसऱ्याकडे पिकत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी भेटायचे कोठे, तर मध्ये, कुकडी नदीच्या काठी. विलायतेत जुन्या काळी राजाची सनद घेऊन आठवडे बाजाराची गावे वसवीत, असे आम्ही वाचले होते. पण सनद कोणाचीही असो, आसपासच्या शिवारात पिकल्याशिवाय बाजार टिकत नाही. पुढे कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे अशी धरणे झाली. पूर्वेकडे पाणी गेले, तसा नारायणगाव, ओतूर, आळेफाट्यालाही बाजार वाढला. नारायणगावला टोमॅटोचा हंगाम आटोपत आला होता, तरी वीस-वीस किलोंच्या क्रेटचे ढीग लागले होते. सकाळी झाडावरचा माल संध्याकाळी परमुलखाच्या गाडीत चढतो. ज्याने पिकवले तो ढिगाजवळ उभा असतो, भाव पडला तर त्याच्या तोंडावर कळतो. भाव पडल्यावर काय होते, तेही मित्राने लपवले नाही. टोमॅटो बांधावर ओतून दिल्याची वर्षे त्याने पाहिली होती.

पेठेत दोर, घुंगरमाळा, कुऱ्हाडी, विळे विकणाऱ्या एका दुकानाशी दादा थांबले. गादीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते.

“कुठले पाव्हणे?”

“भिवंडीकडचे. दापोडे.”

“म्हणजे घाटाखालचे. आमच्या आजोबांच्या येळेला खालून बैलावर मीठ यायचं, सुकट यायची. वरून मिरची, कडधान्य जायचं. आता काय पिकतं खाली?”

“आता गोदामं हायेत सगळी,” दादा म्हणाले.

“गोदामात काय असतं?”

“सगळ्या जगाचं असतं.”

“आन् तुमचं?”

त्यांनी ते सहज विचारले होते. बाजारात माणूस माणसाला विचारतो तसे. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन विळे निवडले, अंगठ्याने धार पाहिली आणि पैसे मोजले. जमीन विकायला निघालेला माणूस विळे कशाला घेतो, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मित्राने आम्हाला त्याच्या गाडीने नाणेघाटाच्या माथ्यावर नेले. चावंडवरून घाटघरपर्यंत आता चांगला रस्ता आहे. माथ्यावर एक दगडी रांजण आहे, मोठा, एकाच दगडाचा. घाट चढून येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. शेजारून फरसबंद नाळ खाली कोकणात उतरते. तिच्या तोंडाशी कोरीव लेणे आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख त्याच्या भिंतींवर आहे. केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे नि कार्षापणांची त्यात मोजदाद आहे. आपल्या देशातल्या अगदी जुन्या अंकांपैकी काही त्या भिंतींवर पाहायला मिळतात. हिशेब लिहून ठेवायची खोड फार जुनी.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्री त्यांतलेच. त्यांच्या लेखांतली एक गोष्ट मित्राने सांगितली, ती शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांची एक श्रेणी होती, म्हणजे आजच्या भाषेत संघ म्हणा. त्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. दुसऱ्या एका दात्याने करंजाजवळची वीस निवर्तने आणि वडाजवळची नऊ निवर्तने जमीन दिल्याची नोंद आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. नाशिकच्या लेण्यांत तर याहून स्पष्ट लिहिले आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली, दोन हजार दरमहा शेकडा एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, येणाऱ्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. याला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

दादा रांजणाला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, “म्हणजे मुद्दल मोडायचंच नाही?”

“नाही,” मित्र म्हणाला.

खाली सारे कोकण पसरले होते. उन्हात कापलेली खाचरे पिवळी दिसत होती. मित्र गाडीकडे गेला आणि आम्ही दोघेच राहिलो. दादा म्हणाले, “मुद्दल कोणाला मोडावंसं वाटतंय? दोन वरसं भात कुजतंय. आजूबाजूला समद्यांनी भराव केला, आपलं शेत खड्ड्यात पडलं. पाऊस पडला की आठ-आठ दिवस पाणी हलत नाही. तुला दोनदा सांगितलं. एकदा तू फोनवर होतास. दुसऱ्यांदा तू मला जमीन म्हंजे आई, असं भाषण दिलंस. माझे गुडघे गेलेत रे. पोरगा नोकरीला जातो. एकट्यानं कुजलेलं भात किती वरसं काढू?”

मला उत्तर सुचले नाही. पाण्याचा निचरा या विषयावर मी शंभर सभांत बोललो असेन. ‘खाचरात पाणी खेळते हवे, साचते नको’ हे वाक्य माझ्या तोंडी बसले आहे. आणि आमच्या स्वतःच्या शेताच्या बांधावरून मी चार वर्षांत एकदाही फिरलो नव्हतो. दादा विकायला निघाले होते ते पैशाच्या लोभाने नव्हे, एकटे पडले म्हणून. मला जमीन हवी होती, पण ती ठेवायचे ओझे त्यांच्या पाठीवर.

“दादा, चूक माझी,” एवढेच मी म्हणालो.

ते उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, “चल. तो खोळंबला असंल.”

परतीच्या गाडीत आमचे ठरले. दोन वर्षे सही कोणी करायची नाही. त्या काळात पाण्याची वाट मी करून द्यायची. आणि दादांची एक अट होती. लावणीला मी स्वतः उतरायचे, रजा काढून.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा बांधावरून फिरलो. मग ज्यांची थोडी थोडी शेती उरली आहे अशा शेजारच्या तिघांना गोळा केले. उन्हाळ्यात उतार मोजून चर खणला, शेजारच्या जागेच्या मालकाला भेटून त्याच्या वाटेखालून सिमेंटचे दोन नळ टाकले. मालक भला निघाला, त्यालाही आपल्या दारात पाणी नको होते. खोलगट जमिनीला मानवणारे गरवे वाण निवडले. जुलैत मी आठ दिवस चिखलात होतो. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. सौभाग्यवतींनी शेक दिला आणि वर म्हणाल्या, “अहो, सभेत हे सांगत नाही वाटतं?”

यंदा मोठ्या पावसात पाणी दोन दिवसांत ओसरले. उतारा फार मोठा आहे असे मी म्हणणार नाही. खर्चाचा हिशेब मांडला तर गोदामाच्या भाड्याशी त्याची तुलना होणार नाही. पण घरचे वर्षाचे तांदूळ निघाले. भात त्याच जुन्नरच्या विळ्यांनी कापले. त्या ओलीवर आता वाल पेरले आहेत, आणि आम्ही दोघे भाऊ एका पंगतीला जेवतो. पुढल्या वर्षी मुदत संपेल. तेव्हा काय ठरेल ते आज सांगता येत नाही. ठरेल ते दोघांनी बांधावर उभे राहून ठरवलेले असेल.

वाचकहो, जमीन विकू नका असे सांगायला मी हे लिहिलेले नाही. ज्याची अडचण त्याला ठाऊक. पण तुमच्याही घरात असा सह्यांचा कागद आला असेल, तर सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी एक करा. जो रोज त्या जमिनीत राबतो, त्याच्याबरोबर तिच्या चारी बांधांवरून एकदा हिंडून या आणि त्याचे ऐका. मला हे कळायला नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जावे लागले. खरे तर ते घरापासून दोन हाकांवर होते.