करटक, दमनक आणि आजोबा

आठवीत मी संस्कृत घेतलं तेव्हा मोहल्ल्यात विचारणा झाली, ‘हिला कशाला?’ शाळेतही एकाने तेच विचारलं, फक्त शब्द वेगळे होते. अब्बा एवढंच म्हणाले, ‘इल्म आहे, घेऊ दे.’

परीक्षेपुरतं संस्कृत रूपं पाठ करण्यातच संपलं असतं. गोडी लागली ती शनिवारी शाळा सुटल्यावर बाई घेत त्या तासाला. त्याला ना गुण, ना हजेरी. एकदा बाईंनी पंचतंत्रातल्या करटक-दमनक या दोन कोल्ह्यांची गोष्ट आमच्याकडून वाचून घेतली. मग फळ्यावर गोष्टीचा प्रवास मांडला: सहाव्या शतकात ती इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत आणली. तिथे हेच कोल्हे ‘कलीला व दिम्ना’ झाले.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. लहानपणी मदरशात फारसी शिकलेले आजोबा उठून बसले. ‘दिम्ना? अगं, तो तर आमच्या अन्वारे सुहैलीतला!’ त्या रात्री मी संस्कृतातून सांगत गेले, ते फारसीतून. कोल्हे तेच होते.

यंदा माझी लेक आठवीत गेली. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला. तिच्या शाळेत संस्कृत आहे, शनिवारचा तास नाही. म्हणून आता शनिवारी आमच्या घरी चार मुली जमतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन कोल्हे काढले.