बारा डोस आणि एक जागरण

हॉस्टेलवर राहणाऱ्याला जागरण म्हणजे काही नवीन नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री आख्खा मजला जागा असतो. कुणी काचेखाली बल्ब लावून जीटी मारतंय, कुणी दुसऱ्याचं जर्नल उतरवतंय, कुणी नुसताच चहाची ऑर्डर घेत फिरतोय. मीही अशी बरीच जागरणं केली. पण त्यातलं एक जागरण मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या रात्री शीट माझ्या मित्राचं होतं आणि परीक्षा माझी होती.

सेकंड इयरला असताना गळ्याच्या डाव्या बाजूला, हाडाच्या जरा वर, शेंगदाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून लक्ष दिलं नाही. मग संध्याकाळी ताप यायला लागला. रात्री घामानं बनियन पिळून काढावं अशी अवस्था. वजन उतरलं, त्याचा दोष आम्ही सवयीप्रमाणे मेसच्या आमटीला दिला. एका डॉक्टरांनी टी.बी. म्हणून औषधं सुरू केली. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, गाठ मात्र वाढतच गेली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टवर नाव होतं हॉजकिन लिम्फोमा.

हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर. थॉमस हॉजकिन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १८३२ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. तो आपल्या वयाच्या मुलांनाही गाठतो आणि बरे होण्याची शक्यता चांगली असणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. मला त्यातला फक्त ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकू आला. ट्रीटमेंट ठरली: चार औषधांची केमोथेरपी, दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा डोस. म्हणजे बरोबर सहा महिने. म्हणजे इयर ड्रॉप.

आमचं घर साताऱ्याला. पण आजी राहते वान्लेसवाडीत, आपल्या विश्रामबागेपासून हाकेच्या अंतरावर. हॉस्टेल सोडून मी तिच्याकडे राहायला गेलो. बसमधून जाताना आपण ‘वान्लेसवाडी’ हा बोर्ड रोज वाचतो, पण हे वान्लेस कोण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. पुढे या वाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं आणि वाडीला त्यांचंच नाव पडलं. माझी आजी तिथं नर्स होती. तिच्या काळी टी.बी.चा कोर्स इंजेक्शनं आणि गोळ्या मिळून दीड-दीड वर्षाचा असायचा. “मध्येच पळून जाणारे पण पाह्यलेत आणि शेवटची गोळी खाऊन चालत घरी जाणारे पण,” ती सांगायची. “तुझे तर सहाच महिने आहेत.”

आम्ही ख्रिस्ती. लहानपणापासून रविवारी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) जायचं, ‘उपासना संगीत’मधली टिळकांची पदं पेटीवर म्हणायची, एवढाच माझा विश्वास होता. खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगला आल्यावर तोही उपस्थितीपुरता उरला होता. कॅन्सर झाल्यावर मात्र तो एकदम ऐरणीवर आला. नात्यातल्या एकांनी सल्ला दिला, “औषध बंद कर, नुसता विश्वास ठेव, प्रभू बरं करील.” आजीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “ज्या मिशनच्या लोकांनी मिरजेत प्रार्थना सुरू केली, त्यांनीच ऑपरेशन थिएटरपण बांधलं. त्यांना काय विश्वास कमी होता?” विषय तिथंच संपला.

चार डोस कसेबसे झाले. चारातलं एक औषध लालभडक, सरबतासारखं. नंतर लघवीपण लाल होते. केस गेले. त्याचं काही वाटलं नाही, मित्रांनी ‘टकल्या’ म्हणून जाहीर स्वागत केलं. पण पाचव्या डोसाच्या आधी माझं मनच उलटलं. हॉस्पिटलचं फाटक नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी उलटी व्हायची. आदल्या संध्याकाळी मी आजीला सांगून टाकलं, “मी उद्या येणार नाही. प्रार्थना करून काय झालं? भीती तर गेली नाही. माझा विश्वासच नसेल.”

मला वाटलं, आता रागावणार. ती शांतपणे म्हणाली, “भीती प्रभूलापण वाटली होती.” मग तिनं गेथशेमाने बागेतली गोष्ट सांगितली. लहानपणी शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी पहिल्यांदा समजली. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूनं तीनदा एकच मागणं मागितलं, की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. “झाला का दूर?” आजीनं विचारलं. “नाही. लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की एक दूत आला आणि त्यानं बळ दिलं. प्याला तसाच राहिला, प्यायला बळ मिळालं. आणि मित्रांकडं त्यानं काय मागितलं? नुसतं माझ्याबरोबर जागे राहा. तर ते झोपले.”

मी काही बोललो नाही. रात्री नऊच्या सुमारास दारात माझा जुना रूममेट. जतचा गडी, दर मंगळवारी गणपतीला न चुकता जाणारा. खांद्यावर ड्रॉइंग बोर्ड, हातात शीटची गुंडाळी. बहुतेक आजीनं फोन केला असावा, दोघांनीही अजून कबूल केलेलं नाही. म्हणाला, “भावा, उद्या सबमिशन हाय. मला जागायचंच हाय, तर हितं जागतो.” माझ्या कॉटशेजारी बोर्ड टाकून तो बसला. धीर दिला नाही, उपदेश केला नाही. रात्री तीनला मला उलटी झाली तेव्हा त्यानं पेन्सिल कानाला लावून बादली धरली, पाणी दिलं आणि पुन्हा रेघ मारायला बसला. त्याच्या स्केलचा आवाज ऐकत मी मनात म्हणालो, प्रभू, प्याला काढत नसशील तर नको काढूस, पण बळ दे. आणि लक्षात आलं की बळ केव्हाचं शेजारी बसून शीट काढतंय.

सकाळी आम्ही तिघं मिरजेला गेलो. पाचवा डोस झाला. मग उरलेले सातही.

शेवटच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. पण डॉक्टर म्हणतात, काही वर्षं तपासण्या चुकवायच्या नाहीत. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येईपर्यंत पोटात गोळा येतो. तेव्हा मी तीच प्रार्थना करतो: आधी मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो, मग उरलेलं त्याच्यावर सोपवतो. भीती वाटली म्हणून विश्वास कमी आहे, असं आता वाटत नाही.

मित्रांनो, दोन गोष्टी सांगून थांबतो. न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, ताप-घाम येत असेल, वजन घटत असेल, तर मेसला दोष देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि गाठ तपासून घ्यायची का ते विचारा. आणि हॉस्टेलवर कुणी आजारी असेल तर ‘काळजी घे रे’ म्हणून दारातून परत जाऊ नका. आपलं जर्नल घेऊन त्याच्या खोलीत बसा. नाहीतरी आपण जागेच असतो!